वाचकांचे प्रश्न : जपानने अणुबाँब बनवावा का?

गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच प्रश्नाभोवतीची आहेत. विषय गंभीर आहे आणि दोन ओळींत आटोपण्यासारखा नाही, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : उत्तर कोरियाने २००६ ते २०१७ या काळात सहा अणुचाचण्या केल्या आणि त्याची क्षेपणास्त्रे जपानवरून पलीकडे गेली. चीन तर १९६४ पासून अण्वस्त्रधारी आहे. जपानकडे पैसा, तंत्रज्ञान, प्लुटोनियम, सगळे आहे. असे असताना शांततेच्या नावाखाली स्वस्थ बसणे म्हणजे आपल्याच नागरिकांच्या जिवाशी खेळणे नाही का? भारतानेही दोन शेजाऱ्यांकडे पाहूनच १९९८ चा निर्णय घेतला होता. शांततावादी राष्ट्राला स्वसंरक्षणाचा अधिकार नसतो काय? (एक निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : हा प्रश्न जपानमध्ये कोणी तोंडातूनही काढत नाही असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात तो तिथल्या पंतप्रधानांनीच विचारलेला आहे. ३ मे १९४७ पासून अमलात असलेल्या जपानी राज्यघटनेच्या ९ व्या कलमाने युद्ध करण्याचा हक्क कायमचा सोडून दिला. तरीही १९५७ मध्ये पंतप्रधान नोबुसुके किशी यांनी संसदेत अशी भूमिका घेतली की, अण्वस्त्रे केवळ स्वसंरक्षणापुरती असतील तर हे कलम त्यांच्या आड येत नाही. म्हणजे जपानचे हात घटनेने बांधलेले आहेत असे तिथले सरकारही मानत आलेले नाही. ते बांधले आहेत १९५५ च्या अणुऊर्जेविषयीच्या मूलभूत कायद्याने, १९७६ मध्ये मान्य केलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराने आणि संसदेच्या ठरावाने, आणि या तिन्ही गाठी जपानने स्वतःच्या हाताने मारलेल्या आहेत. तेव्हा स्वसंरक्षणाच्या अधिकाराबद्दल आपले माझे दुमत नाही. अणुबाँब हाती आल्याने जपानी माणूस आजच्यापेक्षा अधिक सुरक्षित होईल का, एवढेच तपासायचे आहे.

किशी यांचे धाकटे भाऊ एइसाकु सातो नोव्हेंबर १९६४ मध्ये पंतप्रधान झाले, तेव्हा चीनच्या पहिल्या अणुचाचणीला महिनाही उलटला नव्हता. ती चाचणी १६ ऑक्टोबरला झाली होती आणि त्या दिवशी टोकियोत ऑलिंपिक सामने चालू होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सातो यांनी अमेरिकी राजदूतांना खासगीत सांगितले की, समोरच्याकडे अण्वस्त्रे असतील तर आपल्याकडेही असावीत, हे साध्या व्यवहारबुद्धीचे आहे. आपल्या पत्राचा सूर आणि या उद्गारांचा सूर एकच आहे. जानेवारी १९६५ मध्ये ते वॉशिंग्टनला जाऊन अध्यक्ष जॉन्सन यांच्याकडून अमेरिकी संरक्षणाचे आश्वासन घेऊन आले, आणि डिसेंबर १९६७ मध्ये याच सातो यांनी संसदेत तीन तत्त्वे मांडली : अण्वस्त्रे बाळगणार नाही, बनवणार नाही आणि देशात येऊ देणार नाही. १९७१ मध्ये संसदेने ठरावाद्वारे ती स्वीकारली, तर १९७४ मध्ये सातो यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा बदल केवळ मनःपरिवर्तनाने झाला असे कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे आहे. मधल्या काळात, १९६८ आणि १९७० मध्ये, सरकारने काही अभ्यासकांकडून एक गुप्त अहवाल दोन भागांत तयार करून घेतला होता आणि तो लोकांपुढे यायला १९९४ उजाडले. बाँब बनवणे जपानला शक्य आहे, पण त्याने देशाची सुरक्षितता वाढणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. हिरोशिमाची आठवण ज्यांना दुबळेपणाची वाटते, त्यांनी निदान हा हिशेब तरी नजरेखालून घालावा, असे मला मनापासून वाटते.

हिशेबात भूगोल सर्वांत आधी येतो. जपानचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ सव्वापट आहे. त्यातला बहुतांश भाग डोंगराळ असून १२ कोटींहून अधिक लोक समुद्रालगतच्या अरुंद सपाट पट्ट्यांत राहतात. एकट्या टोकियोत आणि तिच्या आसपासच्या शहरांत साडेतीन कोटींहून अधिक वस्ती आहे. अण्वस्त्राचा धाक बसतो तो ते जवळ असल्याने नाही. शत्रूने पहिला तडाखा दिल्यावरही ते शिल्लक राहील आणि उलट वार करील, याची शत्रूला खात्री असेल तरच बसतो. रशिया, अमेरिका, चीन यांना आपली क्षेपणास्त्रे हजारो किलोमीटरांवर विखरून ठेवता येतात. जपानला तशी जागाच नाही. त्याच्या तळांवर काही मोजके बाँब पडले तर सोबत त्याची शहरेही जातील, म्हणून त्याला समुद्राखाली जावे लागेल. ब्रिटनसारख्या बेटाने तेच केले आणि एक पाणबुडी सदैव समुद्रात असावी यासाठी त्याला अणुशक्तीवर चालणाऱ्या चार पाणबुड्या बाळगाव्या लागतात. जपानकडे वीसहून अधिक उत्तम पाणबुड्या आहेत, पण त्यांतली एकही अणुशक्तीवर चालणारी नाही. पाणबुड्या, त्यांवरची लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे, स्फोटकाग्रे (क्षेपणास्त्राच्या टोकावरचे बाँब), त्यांच्या चाचण्या आणि कोणत्याही संकटात तुटणार नाही अशी आदेशयंत्रणा, हे सारे पायापासून उभारावे लागेल. चाचणी घ्यायला त्या देशात एखादे पोखरणसुद्धा नाही.

हे उभारायला कितीही घाई केली तरी वर्षे लागतील, आणि माझ्या मते खरी भीती याच वर्षांची आहे. बाँब करायचे ठरल्याचा दिवस आणि त्याचा धाक बसू लागल्याचा दिवस यांच्यामध्ये जपान सर्वांत असुरक्षित असेल, कारण प्रतिपक्षाला घाव घालण्याचे कारण मिळालेले असेल आणि जपानच्या हाती उत्तर आलेले नसेल. हे गुपचूप उरकून घेता येईल, असेही कोणी समजू नये. जपानच्या मालकीचे प्लुटोनियम सुमारे ४४ टन आहे हे खरे. पण त्यातले ९ टनांहूनही कमी जपानमध्ये असून उरलेले ब्रिटन आणि फ्रान्समध्ये पडून आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बाँबसाठी ८ किलो प्लुटोनियम पुरेसे धरते आणि त्याच काटेकोरपणे जपानमधल्या साठ्यावर तिच्या निरीक्षकांची नजर असते. साठ्याला हात लागला तर ते जगाला कळेल, आणि सर्वांत आधी बीजिंग आणि प्योंगयांगला.

भारताशी तुलना करताना दोन्ही देशांची परिस्थिती नीट शेजारी ठेवावी लागते. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर कधीच सही केली नाही, त्यामुळे पोखरणने त्याने कोणताही करार मोडला नाही. शिवाय भारत कोणाच्या अण्वस्त्रांच्या आसऱ्याला नव्हता आणि झारखंडमधल्या जादुगुडासारख्या ठिकाणी त्याच्या स्वतःच्या युरेनियमच्या खाणी होत्या. तरीही किंमत चुकली नाही. १९७४ च्या चाचणीनंतर आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुभट्ट्यांना इंधन देण्याबाबत अमेरिकेने हात आखडता घेतला, पुढे पुरवठा थांबवला, आणि १९८० च्या दशकात ते इंधन फ्रान्सकडून घेण्याची वेळ आली. तारापूरमध्ये दोनच भट्ट्यांचा प्रश्न होता. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेपूर्वी जपानमध्ये ५४ भट्ट्या होत्या. त्यांतल्या ज्या पुन्हा सुरू झाल्या आहेत त्यांचे युरेनियम परदेशांतून येते आणि तेही शांततामय वापराच्या लेखी अटीवर. अट मोडली की पुरवठा करणाऱ्या देशांना साहित्य परत मागता येते. कोळसा, तेल, वायू यांपैकी काहीही पुरेसे नसलेल्या देशाने बाँबसाठी हा मार्ग तोडणे म्हणजे शत्रूने घालायची नाकेबंदी आपणच घालून घेण्यासारखे आहे.

शेवटी शेजाऱ्यांकडे पाहू. कोरियाने १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे जपानची सत्ता सोसली आहे आणि ती आठवण दक्षिणेतही तितकीच ताजी आहे. जपानने बाँब केला तर दक्षिण कोरिया मागे राहील असे मला वाटत नाही. मग एका वैमनस्याच्या जागी अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांचे सगळे कोंडाळेच तयार होईल, आणि त्या प्रत्येकाची क्षेपणास्त्रे टोकियोपासून दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर असतील. म्हणून आपल्या प्रश्नाला माझे उत्तर आहे, बनवू नये.

प्रश्न : मी पुण्यात जपानी भाषा शिकते. जपान एकीकडे हिरोशिमाचे नाव घेऊन जगाला निःशस्त्रीकरण शिकवतो आणि दुसरीकडे अमेरिकेच्या अण्वस्त्रांच्या छत्राखाली राहतो. मग त्याचा शांततावाद खरा कसा म्हणावा? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : आपण दाखवलेली विसंगती खरी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. तीन तत्त्वांतले तिसरे तत्त्व, अण्वस्त्रे देशात येऊ न देण्याचे, सरकारने कधीच मनापासून पाळले नाही. अण्वस्त्रे बाळगणारी अमेरिकी जहाजे जपानी बंदरांत येत होती आणि सरकार तिकडे डोळेझाक करत होते, हे सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये मान्य केले. त्याच्या आदल्याच वर्षी सातो यांच्या कुटुंबीयांकडे एक कागद असल्याचे उघड झाले होते. युद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यात गेलेले ओकिनावा बेट परत मिळवताना, आणीबाणीच्या प्रसंगी तिथे पुन्हा अण्वस्त्रे आणू देण्याचे जे आश्वासन त्यांनी १९६९ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना दिले, ते त्या कागदावर लिहिलेले होते. ज्या तत्त्वांसाठी त्यांना नोबेल मिळाले, त्यांतल्या एकाला त्यांनी आधीच मुरड घातली होती.

पण सरकारचा शांततावाद आणि लोकांचा शांततावाद हे एकच आहेत असे समजले तर आपण त्या देशाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग गमावून बसतो. ६ आणि ९ ऑगस्ट १९४५ च्या स्फोटांत आणि त्या वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १ लाख ४० हजार आणि नागासाकीत ७० हजारांच्या आसपास माणसे गेली. अमेरिकी ताब्याच्या काळात त्याविषयी लिहिण्या-बोलण्यावर निर्बंध होते, त्यामुळे बाकीच्या जपानलाही हे दुःख पुरते ठाऊक नव्हते. ते घराघरांत पोचले १९५४ मध्ये. १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बाँबची चाचणी केली आणि तिची किरणोत्सर्गी राख, जपानी लोक जिला मृत्यूची राख म्हणू लागले ती, ‘दाईगो फुकुर्यू मारू’ नावाच्या मासेमारी नौकेवरील २३ जणांच्या अंगावर पडली. नौकेचे बिनतारी संदेशचालक आइकिची कुबोयामा सप्टेंबरात मरण पावले. त्या वर्षी टोकियोच्या सुगिनामी भागात गृहिणींच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मोहिमेत देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या गोळा झाल्या. हे लोक कोणत्याही छत्राचा हिशेब करून सही करत नव्हते. बाजारातून आणलेला मासा मुलांच्या पानात वाढावा की नाही, ही त्यांची धास्ती होती.

या चळवळीतूनच १९५६ मध्ये बाँबपीडितांची, म्हणजे हिबाकुशांची, निहोन हिदानक्यो ही संघटना उभी राहिली आणि २०२४ चे शांततेचे नोबेल तिला मिळाले. ते स्वीकारताना नागासाकीतून वाचलेले ९२ वर्षांचे तेरुमी तानाका यांनी आपल्या सरकारलाही सोडले नाही. बाँबने मारलेल्यांसाठी जपान सरकारने आजवर कसलीही भरपाई दिलेली नाही, हे वाक्य त्यांनी त्या व्यासपीठावर दोनदा उच्चारले. अण्वस्त्रांवर बंदी घालणारा संयुक्त राष्ट्रांचा करार २०२१ मध्ये अमलात आला, त्यावर जपानने सही केलेली नाही आणि हिबाकुशांना त्याची खंत आहे. मी छत्रावर एकदम पाणी सोडा असे म्हणणार नाही. मात्र त्या कराराच्या बैठकीला निरीक्षक म्हणून जाऊन बसण्याइतके धैर्य जपान सरकारने दाखवावे, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते, कारण मार्च २०२५ मध्ये हयात हिबाकुशांची संख्या १ लाखाच्या खाली आली आहे आणि त्यांचे सरासरी वय ८६ च्या पुढे आहे.

आपण जपानी शिकता म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. हिरोशिमात मेलेल्यांत हजारो कोरियन माणसे होती. त्यांपैकी कित्येकांना जपानी साम्राज्यानेच मजुरीसाठी तिथे आणले होते. जो शांततावाद फक्त आपल्यावर पडलेला बाँब आठवतो आणि आपण इतरांच्या देशांत काय केले ते विसरतो, त्याच्यावर शेजारी विश्वास ठेवणार नाहीत. जपानने बाँब न बनवण्याचे वचन पाळले आहे, हा त्या शेजाऱ्यांना मिळालेला आजवरचा सर्वांत ठोस दिलासा आहे.

प्रश्न : संशोधनासाठी मी साप्पोरोला असताना २९ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी सहाच्या सुमारास फोन कर्कश वाजू लागला. क्षेपणास्त्र येत आहे, मजबूत इमारतीत किंवा तळघरात जा, असा संदेश होता. आमच्या घराला तळघर नव्हते. ती काही मिनिटे मी विसरू शकत नाही. उद्या अमेरिकाच जपानला सोडून गेली तर? युक्रेनचे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ते क्षेपणास्त्र सुटल्यावर सुमारे चार मिनिटांनी आपला फोन वाजला आणि पुढच्या काही मिनिटांतच ते होक्काइडो, म्हणजे साप्पोरो ज्यावर वसले आहे ते बेट, ओलांडून पलीकडच्या महासागरात पडले. त्या मिनिटांत खोलीत उभ्या असलेल्या माणसाला लांबून उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, म्हणून आपला प्रश्न मी तिघांत सर्वांत कठीण मानतो.

युक्रेनचे उदाहरण पुष्कळ दिले जाते. १९९४ मध्ये बुडापेस्ट इथे झालेल्या समझोत्यानंतर त्याने आपल्या भूमीवरची सुमारे १९०० मोठ्या पल्ल्याची अण्वस्त्रे रशियाला देऊन टाकली आणि बदल्यात त्याला सीमांच्या आदराची कागदी हमी मिळाली. ती अस्त्रे डागण्याचे आदेश आणि संकेत मात्र पहिल्यापासून मॉस्कोच्या हाती होते. जपानकडे १९६० चा सुरक्षा करार आहे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या भूमीवर ५० हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक राहतात. योकोसुका किंवा मिसावा इथल्या अमेरिकी तळांवर पडणारे क्षेपणास्त्र अमेरिकी माणसांवरही पडेल. ही हमी कागदापेक्षा जड आहे. तरीही १९६१ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी केनेडी यांना जो प्रश्न केला, पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क पणाला लावाल का, तो टोकियोच्या बाबतीत आज अधिक बोचतो, कारण २०१७ पासून उत्तर कोरियाने अमेरिकेपर्यंत पोचू शकणाऱ्या क्षेपणास्त्रांच्याही चाचण्या घेतल्या आहेत.

यावर तोडगा म्हणून किशी यांचे नातू शिंझो आबे यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये, पंतप्रधानपद सोडल्यानंतर, अमेरिकी अण्वस्त्रे वाटून घेण्याच्या व्यवस्थेची चर्चा करावी असे सुचवले. जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स या देशांत तशी व्यवस्था आहे. हिरोशिमातून निवडून येणारे तेव्हाचे पंतप्रधान किशिदा यांनी ती नाकारली आणि मला ते योग्य वाटते. त्या व्यवस्थेत किल्ली अमेरिकेच्या अध्यक्षांकडेच राहते. अमेरिका येणार नसेल तर तिचे बाँबही उपयोगी पडणार नाहीत, आणि ते ज्या तळावर ठेवले असतील त्याच्या भोवतालची वस्ती मात्र पहिले लक्ष्य होईल.

अमेरिकी सैनिकही उद्या निघून गेले, तर? तेव्हाही मी ‘नको’ म्हणेन, पण आजच्या इतक्या खात्रीने म्हणू शकणार नाही. भूगोल तोच राहील, मधली धोक्याची वर्षेही तितकीच राहतील, फक्त आजचा आधार गेलेला असेल. म्हणूनच बाँबवाचूनच्या तयारीत आज हयगय होता कामा नये, असे मला वाटते. डिसेंबर २०२२ च्या धोरणाने संरक्षणखर्च २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर नेण्याचे आणि हल्ला करणाऱ्या तळावर साध्या क्षेपणास्त्रांनी उलट मारा करण्याची क्षमता मिळवण्याचे ठरवले. त्यावरही जपानमध्ये वाद आहे, पण बाँबच्या तुलनेत तो मार्ग मागे फिरता येण्याजोगा आहे. दक्षिण कोरियाशी समेट त्याहून मोलाचा. डिसेंबर २०२३ पासून उत्तर कोरियाच्या क्षेपणास्त्रांची माहिती जपान, दक्षिण कोरिया आणि अमेरिका एकमेकांना त्याच क्षणी देऊ लागले आहेत.

आणि आपण लिहिलेल्या तळघराबद्दल. इतकी वर्षे संदेश पाठवणाऱ्या सरकारने लोकांनी आसरा कुठे घ्यायचा याचा विचार फारच उशिरा सुरू केला. २०२४ मध्ये तैवानजवळच्या योनागुनी, इशिगाकी, मियाको अशा दक्षिणेकडच्या बेटांवर भूमिगत निवारे बांधण्याचे धोरण ठरले. ही बेटे साप्पोरोपासून दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत.